फंगस फंजाय

आई मुलुंडच्या एका शाळेत सायन्स शिकवायची. तिचं स्वतःचं शिक्षण कोकणात, मराठीतून झालेलं. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली ती विचित्र लॅटिन अनेकवचनं तिने सरळ पाढ्यांच्या चालीवर बसवून टाकली होती. बॅक्टेरियम बॅक्टेरिया, फंगस फंजाय, न्यूक्लियस न्यूक्लियाय, लार्वा लार्वी. एकवचन बाईंनी म्हणायचं, अनेकवचन उभ्या केलेल्या मुलाने. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सगळं बरोबर आलं की, "शाब्बास, बस खाली."

घरीही सुटका नव्हती. ती ओट्यापाशी बोंबील साफ करायची आणि मी दारात उभी. त्या चालीचा मला भयंकर राग यायचा.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. कळायचं सगळं, पण तोंडातून नुसतं "ता, ता." आयुष्यभर वर्ग गाजवलेली बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. आता ही प्रयत्नच सोडून देणार, याची मला धास्ती बसली होती.

आमच्या घाटकोपरच्या घरी येणारी स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "ताई, त्यांना अगदी तोंडपाठ असेल ना, असं काहीतरी सुरू करा. कधीकधी तेवढं शिल्लक असतं."

आरती म्हणून पाहिली. आई देवधर्मात कधी रमली नव्हती, ती मख्खपणे बघत राहिली. वारांची नावं म्हणून झाली, महिन्यांची झाली. शेवटी वैतागून, पलंगाशी उभी राहून मी म्हटलं, "बॅक्टेरियम."

आईने मान वळवली. "बॅक्टेरिया."



"फंगस."

"फंजाय." स्वच्छ, अगदी चालीसकट.

तिला माझं नाव घेता येत नव्हतं, चहा मागता येत नव्हता. आणि कुठल्या रोममधली माणसं, ज्यांना जाऊन शतकं लोटली, त्यांचे शब्द मात्र घाटकोपरमधल्या या बाईच्या डोक्यात जागच्या जागी होते. माणसाच्या आत काय काय, कुठे कुठे जपून ठेवलेलं असतं! थेरपिस्टसुद्धा आ वासून बघत होती.

लार्वीपर्यंत पोचलो आणि मी थांबले. पुढे काही नव्हतंच. आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शाब्बास," ती म्हणाली. "बस खाली."

मी तिथेच फरशीवर बसले.