बारा नंबरची गाडी

नायब सुभेदार म्हणून मी उत्तरेच्या डोंगरात एका ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये दोन हिवाळे काढले. आमच्या स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेच्या मजकुरात तीन लिहिले आहेत. दोनच. त्याच पानावर गाड्या चौदा आहेत असे म्हटले आहे. गाड्या बारा होत्या. या चुका किरकोळ आहेत आणि त्यांच्यासाठी मी लेखणी उचलली नसती. त्या पानावरच्या शेवटच्या वाक्यासाठी उचलली आहे.

आमचे काम रेशन आणि केरोसीन वरच्या चौक्यांवर पोहोचवण्याचे. सकाळी सहाला कॉन्व्हॉय निघे. दोन गाड्यांत पन्नास मीटरचे अंतर. रस्ता एकेरी, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी. पहिल्या गाडीत कॅप्टनसाहेब, अकराव्या गाडीत मी. बारावी गाडी शेवटची. रेडिओ याच तीन गाड्यांत.

आमच्या प्लाटूनची एक रीत होती. कोणत्याही पुस्तकात ती लिहिलेली नव्हती. जुन्या ड्रायव्हरकडून नव्याकडे येत गेली होती. पुढची गाडी ड्रायव्हरने पाहायची, मागची शेजारी बसलेल्याने. प्रत्येक वळण संपले की ड्रायव्हर विचारी, "पीछे?" शेजारचा खिडकीतून मान काढून पाही आणि सांगे, "है." मागची गाडी दिसली नाही, तर आपण थांबायचे. आपण थांबलो की पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो, आणि हुकमाशिवाय सगळा कॉन्व्हॉय उभा राहतो. शेवटच्या गाडीच्या मागे पाहायला कोणी नसते, म्हणून ती दर वळणानंतर रेडिओवर एवढेच सांगे: "बारा. साथ हूँ."

एका फेरीत साठाच्या वर वळणे. थंडीत मान बाहेर काढून कान बधिर होत. पण त्या रीतीने आमची एकही गाडी कधी मागे राहिली नव्हती.

बारावी गाडी नाईक काळुराम भोईर चालवत असे. कोलशेतचा, खाडीकाठच्या आगरी घरातला. वडिलांनी मिठागरात काम केलेले. मी जवळच्याच शहाडचा, म्हणून तो मला गाववाला समजे. लंगरात जेवण अळणी असले की ताट माझ्यापुढे धरून म्हणे, "साहेब, आमच्या घरी मिठाचे डोंगर, आनि बघा माझा नशीब." बारा नंबर त्याने मागून घेतला होता. शेवटच्या गाडीला मागून कोणी हॉर्न मारत नाही, हे त्याचे कारण.

दुसऱ्या हिवाळ्यात ट्रॅकर आले. प्रत्येक गाडीत एक डबी, आणि पहिल्या व अकराव्या गाडीत एकेक स्क्रीन. स्क्रीनवर बारा हिरवे ठिपके. गाडी पंधरा मिनिटे जागची हलली नाही, तर ठिपका लाल होऊन अलार्म वाजणार. बसवायला आलेल्या इंजिनिअरने हे मला दोनदा समजावले. मी ते वहीत लिहून घेतले आणि खाली सही केली. पंधरा मिनिटे हा आकडा मला माहीत नव्हता, असे कोणी म्हणू नये.

पहिला आठवडा आम्ही दोन्ही केले. दुसऱ्या आठवड्यात खिडक्या बंद राहू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात "पीछे?" हा शब्द ऐकू येईना. रीत बंद करण्याचा हुकूम कोणीही दिला नव्हता. चालू ठेवण्याचा हुकूम देणे माझे काम होते. तो मी दिला नाही. स्क्रीन माझ्या गुडघ्याशी होती आणि केबिन उबदार होती.

फक्त भोईर दर वळणानंतर रेडिओवर बोलत राहिला.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. आम्ही वेळेवर निघालो. नऊच्या पुढे चढ लागला. कॅप्टनसाहेब पुढच्या चौकीशी बोलू पाहत होते आणि मध्येच भोईरचा आवाज येई. नऊ एकेचाळीसला तो पुन्हा आला.

"बारा. साथ हूँ."

मी माइक उचलला. "बारा, रेडिओ क्लिअर रखो. स्क्रीन पर दिख रहे हो."

"रॉजर, साब."

पुढच्या वळणानंतर तो बोलला नाही. मी मागे पाहिले नाही. शेजारच्या ड्रायव्हरलाही पाहायला सांगितले नाही. स्क्रीनवर बारा ठिपके हिरवे होते. शेवटचा मागे पडत चालला होता. ते मला दिसले, आणि चढ आहे, येईल, असे मी मनाशी म्हटले.

नऊ अठ्ठावन्नला अलार्म वाजला. मी बारा नंबरला तीनदा हाक मारली. उत्तर नाही. मी कॉन्व्हॉय थांबवला आणि पाच जवान घेऊन चालत मागे निघालो. रस्त्यात गाडी वळवायला जागा नव्हती. दहा वीसला आम्ही पोहोचलो.

रस्त्याची बाहेरची कड खचली होती. गाडी चाळीस फूट खाली एका टप्प्यावर आडवी. शेजारी बसणारा जवान बाहेर फेकला गेला होता. तो वाचला, पण सकाळच्या चहानंतरचे त्याला आजतागायत काही आठवत नाही. भोईर स्टिअरिंगखाली अडकला होता. जिवंत होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. हे मी स्वतःच्या हाताने तपासले. त्याला बाहेर काढायला पस्तीस मिनिटे लागली. दोरावरून वर घेताना तो गेला. वेळ दहा सत्तावन्न.

आपण आधी आलो असतो तर, असे मी नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "साब, यह मत पूछिए."

चौकशी झाली. अलार्म किती वाजता वाजला हे मला विचारले, ते मी सांगितले. रेडिओबद्दल कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. अहवालात कड खचल्याची नोंद आली आणि तिच्याखाली 'चालकाच्या थकव्याची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य आले. मी ते वाचले आणि सही केली.

याला अठरा वर्षे झाली.

गेल्या महिन्यात हवालदार शिंदे यांनी स्मरणिकेचा मजकूर पाठवला. ते आमच्याच प्लाटूनचे क्लार्क, आता डोंबिवलीत असतात. त्यात हे वाक्य होते: 'यंत्राने वेळीच सूचना दिली नाही आणि चालकास डुलकी लागल्याने दुर्घटना घडली.' मी त्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो.

यंत्र चुकले नव्हते, हे मी त्यांना सांगितले. पंधरा मिनिटांनी वाजेन असे त्याने कबूल केले होते आणि ते पंधरा मिनिटांनी वाजले. शिंद्यांनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, मशीनचं नाव घातलं की कुणी रागावत नाही. मशीन काय स्नेहसंमेलनाला येतंय होय?"

"आणि डुलकी?"

"ती चौकशीत आहे."

"चौकशीत शक्यता आहे. शक्यतेची डुलकी तुम्ही केलीत."

"मग खरं काय ते लिहून द्या," शिंदे म्हणाले. "सहीनिशी. मी छापतो."

मी उठून आलो. दहा दिवस काहीही लिहिले नाही.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला हल्ली सेन्सर आहे. त्या दहा दिवसांतच एका सकाळी टाकी वाहू लागली. जिन्यातून पाणी येत होते आणि ग्रुपवर चर्चा चालली होती की ॲपमध्ये पंप बंद दिसतो आहे. एकाने ॲपचा फोटोही टाकला. गच्चीवर कोणी गेले नाही. मी दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन चार शब्द सुनवावेत असे मनात होते. तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला बसलो आणि ध्यानात आले की यांना सुनावण्याचा अधिकार मला नाही. यांच्या निष्काळजीपणात फक्त जिना भिजला होता.

दुपारी मी कोलशेतला गेलो. भोईरांच्या जागेवर आता बिल्डिंग आहे आणि पहिल्या मजल्यावर त्यांची पत्नी सुगंधावहिनी राहतात. दरवर्षी संमेलनात त्यांना शाल देतात. देणाऱ्यांत मीही असतो. शिंद्यांनी त्यांनाही पाठवलेले स्मरणिकेचे पान त्यांनी मुलाकडून वाचून घेतले होते. गावात हे पूर्वीपासून बोलले जातेच, असे त्या म्हणाल्या. मुलाच्या सोयरिकीच्या वेळीही कोणीतरी बोलले होते, की याचा बाप गाडी चालवताना झोपला. मग त्यांनी मला सरळ विचारले.

"ते निजले नव्हते ना, साहेब? मना येवढाच सांगा."

मी हँडब्रेकचे सांगितले, की झोपलेला माणूस तो ओढत नाही. मग रेडिओचे सांगितले. तो काय बोलला आणि मी काय उत्तर दिले, शब्द न बदलता सांगितले. चौकशीत गप्प राहिलो हेही सांगितले. माझा चहा तसाच राहिला.

"म्हंजे जागे व्हते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि तुमाला ठावं व्हता."

"हो."

"अठरा वरीस."

"हो, वहिनी."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला, आत नेऊन ठेवला आणि दारातूनच म्हणाल्या, "लिवा. तुमचा नाव पन लिवा."

म्हणून हे लिहिले आहे. शिंदे यांनी ते वाक्य काढावे आणि त्या जागी हे छापावे, माझ्या नावानिशी, एकही शब्द न गाळता. ज्यांना यंत्राला दोष द्यायचा असेल त्यांनी माझ्याशी येऊन बोलावे. मी शहाडलाच असतो.

नोंद अशी असावी:

नाईक काळुराम भोईर. गाडी नंबर बारा. कर्तव्यावर असताना, पूर्ण जागे असताना मृत्यू. नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्यांनी रेडिओवर कळवले होते: "साथ हूँ."