तेवीस माणसं, तीन हॉटेलं

"मॅडम, हॉल भरला," हॉटेलचा मॅनेजर म्हणाला.

आत कुणाचा तरी साखरपुडा चालू होता. बाहेर आमची बस उभी, आणि बसमध्ये तेवीस पॅक्स. पॅक्स म्हणजे माणसं. आमच्या धंद्यात माणूस बसमध्ये चढला की त्याचा पॅक्स होतो.

मी जालन्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. एरवी इथल्या लोकांना बाहेर फिरायला नेते. त्या दिवशी उलटं होतं. कोल्हापूरकडचे बी-बियाणं विकणारे दुकानदार एका बियाणे कंपनीचे पिकांचे प्लॉट बघायला जालन्यात आले होते. कंपनीचे अजून दोन ग्रुप यायचे होते. ते आम्हाला मिळणार की नाही, हे या ग्रुपवर ठरणार होतं.

ग्रुप न्यायच्या आधी जाऊन हॉटेल, पार्किंग, बाथरूम बघून यायचं, याला आम्ही रेकी म्हणतो. "जालन्याची कसली रेकी? घरचंच गाव," असं आमचे बॉस बागडे सर म्हणाले होते. बुकिंग फोनवरच झालं होतं.

बसमध्ये सगळ्यात पुढं आण्णा बसले होते. वय सत्तरीकडं झुकलेलं, आवाज मोठा. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद होतं, "जालन्यात खायला काय मिळणार ओ?" आता मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आण्णा, काय होतंय?"

"शुगरची गोळी घेतलीया. हॉटेल आलं म्हणालासा, म्हणून घेतली."

मी लगेच पर्समधली बिस्किटं दिली. ड्रायव्हर शिवाजीदादांनी टपरीवरून भरपूर साखरेचा चहा आणला. थोड्या वेळानं घाम ओसरला, पण आता त्यांना जेवण हवं होतं, आणि जल्दी.

बागडे सरांना फोन लावला.

"ऑनलाइन बघा ना. जास्त स्टार असतील तिथं न्या," ते म्हणाले.

"बघितलं, सर. तेवीस जण म्हटलं की सगळे दीड तास थांबा म्हणतात."

"मंग?"

मी फोन ठेवला आणि विचार केला. तेवीस खुर्च्या एका जागी मिळत नव्हत्या, पण सात-आठ खुर्च्या कुठंही मिळाल्या असत्या. एवढा वेळ मी जेवण सोडून हॉल शोधत होते.

घरच्या गावात मी हॉटेलात कधी जेवले नव्हते, म्हणून समोरच्या कापड दुकानात गेले. काउंटरवर एक ताई होत्या. चांगलं हॉटेल कुठंय, असं विचारल्यावर बाहेरची बस बघून त्यांनी हायवेवरच्या फॅमिली रेस्टॉरंटचं नाव घेतलं. परगावच्या माणसाला सगळे तेच सांगतात.

"तसं नाही, ताई. घरी स्वैपाक नाही झाला तर तुम्ही कुठं जेवता?"

त्या हसल्या. साड्या बघायला आलेल्या दोघी बायकाही बोलायला लागल्या. त्यांच्यात थोडा वाद झाला आणि मला जवळच्याच तीन जागा कळल्या. एक भाकरीची खानावळ, एक मारवाडी भोजनालय आणि एक दालचा-भाताचं, म्हणजे मटण घातलेल्या डाळीचं, हॉटेल.

सरांना पुन्हा फोन केला.

"वेगवेगळे नेणार? कुणी हरवलं तर?"

"सर, जालना आहे. हरवून जातील कुठं?"

बसमध्ये तिन्ही पर्याय सांगितले. आमच्याबरोबर आलेले बियाणे कंपनीचे पवार साहेब मारवाडी थाळीवाल्यांना घेऊन गेले, शिवाजीदादा दालचावाल्यांना. मी आण्णांसह भाकरीवाल्यांबरोबर गेले.

खानावळ एका मावशींची होती. चारच टेबलं. मी आण्णांच्या गोळीचं सांगितल्यावर त्यांनी तव्यावरची पहिली भाकरी आण्णांच्या ताटात टाकली आणि वाटीत काळपट आमटी वाढली. आण्णांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान वर केली.

"ह्यात मसाला कुठला म्हणायचा?"

"येसूर हाय, बाबा. ज्वारी, बाजरी, हरभरा भाजून मसाल्यासंगं दळायचं."

"आमच्याकडं न्हाई मिळत असलं."

"मंग अजून घ्या की. लाजून राह्यले काय?"

आण्णा लाजत नव्हते. तिसऱ्या वाटीनंतर त्यांनी दालचा खाणाऱ्या मित्राला फोन लावला. "काय खाल्लंस? चुकलास तू," एवढंच सांगून ठेवला.

बसमध्ये परत आल्यावर भांडण जुंपलं. तिन्ही गट आपलंच जेवण भारी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना दुसऱ्यांच्या हॉटेलात जायचं होतं. आम्ही तसंच केलं.

आठवड्यानं पवार साहेबांचा फोन आला. पुढचे दोन्ही ग्रुप आम्हाला मिळाले.

"फक्त एक करा, मॅडम. आधी प्लॉट दाखवा, मगच जेवायला न्या. ही मंडळी घरी जाऊन आमच्या बियाण्याचं काहीच बोलत नाहीत. आमटीचंच सांगतात."

तेव्हापासून मी नव्या शहरात गेले की चांगलं हॉटेल कुठंय असं कुणाला विचारत नाही. लोक पाहुण्याला शोभेल ते सांगतात. ते स्वतः कुठं जेवतात ते विचारावं, आणि शक्यतो आठाच्या वर माणसं घेऊन जाऊ नये.