फाशांची गादी आणि दोन मतं

तिबेटी निर्वासितांच्या चौथ्या कॅम्पात कुणाला आपल्या देशाचं काय होणार हे जाणून घ्यायचं असलं, तर तो ऑफिसात जात नसे. दुपारी सामफेलच्या पडवीत जाऊन बसे. तिथे याकच्या कातड्याची वाटोळी गादी, तिच्याभोवती कवड्यांची रांग, लाकडी वाडग्यात दोन फासे आणि समोरासमोर मांडी घालून बसलेले दोन म्हातारे, सामफेल आणि चाकदोर. वाडगा गादीवर आपटला की पत्र्यावरची कबुतरं उडत. ती फिरून परत येईतो तिबेट एकदा स्वतंत्र झालेला असे आणि एकदा पुन्हा वाटाघाटीला बसलेला असे.

सामफेल दक्षिण तिबेटातल्या ल्होखाकडचा. बुटका, गोल चेहऱ्याचा, हसला की डोळे हरवून बसणारा. लहानपणी गावच्या मठात काकाच्या हाताखाली लिहायला शिकला, म्हणून चाकदोर त्याला चिडवून लामा म्हणे. पुढे मठ राहिला नाही आणि काकाही राहिला नाही. म्हैसूरकडच्या या रानात आला, तेव्हा सगळ्यांसारखी झाडं तोडली, हत्ती हाकलले, मका पेरला. पावसाळ्यात मका, हिवाळ्यात बायको युडोनबरोबर हुबळीला स्वेटर विकायला, आणि उरलेला वेळ फाशांना. उरलेला वेळ म्हणजे नेमका किती, यावर नवराबायकोचं कधी एकमत झालं नाही.

चाकदोर लिथांगचा खंपा, पूर्व तिबेटातल्या लढवय्यांपैकी. ताडमाड, केसांत लाल गोंडा गुंफलेला, एक पाय ओढत चालणारा. तरुणपणी चिन्यांविरुद्ध बंदूक घेऊन त्याने डोंगर धरला होता, आधी ल्होखात, मग नेपाळच्या मुस्तांगात. हा माणूस झोपेतसुद्धा पहारा देतो, असं पोरं कौतुकाने सांगत. युडोन म्हणे, पहारा कसला, घोरतो.

आता फासे म्हटले की नुसते टाकून चालत नाहीत, त्यांना बोलवावं लागतं. जो आकडा हवा त्याची हाळी घालायची, तीही तालात. सामफेलच्या हाळ्यांत त्याचं सगळं खोरं असे. नऊ हवे असले की तो गावावरच्या खिंडीला हाक मारी, सहा हवे असले की ओढ्याला, आणि पाच हवे असले की शेजारच्या घरातल्या पाच बहिणींना, ज्यांतली एकही त्याच्याकडे कधी वळून बघत नव्हती. चाकदोरच्या हाळ्या इतक्या चावट असत की युडोन खिडकी लावून घेई. एकदा मोठ्या मठातले एक वयस्कर भिक्षू त्याला समज द्यायला म्हणून आले. पडवीच्या कडेला उभे राहून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले की आठाची हाळी चुकते आहे, लिथांगला ती अशी घालत नाहीत. आणि बरोबर कशी ते हळूच सांगून निघून गेले.

भांडण रोजचंच होतं. चाकदोरला पुरा देश हवा, चिनी माणूस सरहद्दीपलीकडे गेलेला हवा. सामफेलला मधली वाट पटे: चीनमध्ये राहू, पण आपलं आपण बघू. शिव्या होत, सोंगट्या मरत, आणि दोन एक्के पडले की पुन्हा टाकायचा हक्क मिळतो, त्या गडबडीत राजकारण मागे पडे.

मग त्या वर्षी धरमशालेहून, आपल्या निर्वासित सरकारकडून, निरोप आला. आपल्या लढ्याची पुढची वाट कोणती, हे प्रत्येकाला विचारणार, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही. ज्याने त्याने आपलं मत कागदावर लिहून पेटीत टाकायचं. निम्म्या कॅम्पाला घाम फुटला. आजवर लोक म्हणत आले होते, ग्यालवा रिन्पोछे, म्हणजे दलाई लामा, ठरवतील ते आमचं मत. आता म्हणे रिन्पोछेंनाच जाणून घ्यायचं होतं, तुमचं काय ते बोला.

बोलायची सवय व्हावी म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. तिथे सामफेल उठला. पडवीत बसून बोलणं वेगळं आणि चारचौघांत उभं राहून बोलणं वेगळं. मरायच्या आधी मला आमच्या ओढ्याचं पाणी प्यायचंय, म्हणाला. वर झेंडा कुणाचा, ते मी पाण्याला विचारणार नाही. बोली आपली राहिली, मठ आपले राहिले, पोरं आपल्या शाळेत गेली, की मला पुरे.

लोक माना डोलवायला लागले होते, तेवढ्यात मागून चाकदोर म्हणाला, "ऐका या लामाचं. स्वतःच्याच घरात पडवी भाड्याने मागतोय. मी काय भाडेकरू व्हायला बंदूक उचलली होती?"

हॉल खदखदून हसला. एरवी सामफेलही हसला असता. पण उभ्याने बोललेल्या पहिल्याच भाषणाची अशी रेवडी उडाली, ते त्याला झोंबलं, आणि तोंडातून निघून गेलं, "तुझ्या बंदुकीनं काय आणलं रे? बंदूकवाला आणि बिनबंदुकीचा, दोघं इथे मकाच सोलतोय ना?"

हसणं जागच्या जागी थांबलं. चाकदोरचा धाकटा भाऊ ल्होखातल्या खिंडीत राहिला होता, कायमचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सामफेलला सगळ्यांपेक्षा जास्त. चाकदोर उठला आणि पाय ओढत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडवीत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. युडोनने गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

दोघांचं फाटलं तसं कॅम्पाचंही फाटलं. भांडणारे दोघे रोज एका गादीवर बसतात, तोवर बाकीच्यांनाही भांडूनसुद्धा एकत्र बसता येत होतं. आता नळावर पुऱ्या देशाच्या कळशा एका बाजूला आणि मधल्या वाटेच्या दुसऱ्या. कुणी कुणाकडे चहाला जायचं, यालासुद्धा धोरण लागू लागलं. बांधाला बांध असलेला इथला शेतकरी पुट्टस्वामी एक दिवस सामफेलला म्हणाला, "अण्णा, माझं मत कुणी विचारलं नाही, पण सांगतो. तुमचा देश तुम्हाला मिळायलाच पाहिजे. फक्त सगळेच्या सगळे एकदम जाऊ नका, मला करमायचं नाही." एरवी हा किस्सा सामफेलने चाकदोरला दहा वेळा सांगितला असता. आता सांगणार कुणाला? बाकीच्यांशी त्याने एकदोनदा खेळून बघितलं. ते फासे टाकत, पण हाळी घालत नसत. म्हणजे आमटी वाढायची आणि मीठ नाही.

शेवटी युडोन म्हणाली, "पाला, तुम्हीच बोललात, तुम्हीच निस्तरा." मुलांचं ऐकून तीही त्याला पाला म्हणे, म्हणजे बाबा.

स्वतः जायचा धीर होईना, म्हणून सामफेलने रीतीप्रमाणे छांगची, म्हणजे घरच्या दारूची, किटली भरली, पेटीतून एक पांढरा रेशमी खादा काढला आणि दोन्ही युडोनच्या हाती दिलं. खादा काही कुणी दरवेळी नवा विकत घेत नाही. लग्नात, नव्या वर्षात, प्रवासाला निघताना गळ्यात पडलेले खादे पेटीत जातात आणि तिथून दुसऱ्याच्या गळ्यात. सामफेलने सगळ्यांत वरचा उचलला होता.

थोड्याच वेळात युडोन परत आली. किटली तशीच भरलेली. तिने खादा नवऱ्यासमोर उलगडून धरला. एका टोकाला तुपाच्या दिव्याने जळून पडलेलं बोराएवढं भोक होतं. हा खादा त्यांच्या मुलाच्या लग्नात खुद्द चाकदोरनेच नवरदेवाच्या गळ्यात घातला होता, आणि भोकही त्याच्याच धसमुसळेपणाने तेव्हाच पडलं होतं. चाकदोरने तो ओळखला आणि म्हणाला, दिलेला मान परत धाडलाय, समजलो. म्हणावं, नातं संपलं.

"अक्षरं शिकून आलात," युडोन म्हणाली, "डोळे मात्र काकाकडेच ठेवून आलात."

सामफेलने कपाळाला हात लावला. आता खरंच स्वतः जाणं आलं. पण जाणार कुठे? चाकदोर दाराला आतून कडी लावून बसे. बाहेर पडे तो फक्त सकाळी मठाच्या प्रदक्षिणेला. आणि प्रदक्षिणेची गंमत अशी की सगळे एकाच दिशेने चालतात. दोन भांडलेली माणसं मधे अंतर ठेवून जन्मभर तिथे फिरत राहतील, पण समोरासमोर म्हणून येणार नाहीत. सामफेल पुढे असला की चाकदोर मुद्दाम मागे राही. सामफेल झपाझप चालून त्याला गाठायला जाई, तर तो लंगडत का होईना, पण पुढे सटके. कॅम्पातल्या बायका माळा ओढत ही शर्यत बघत आणि ओम मणी म्हणता म्हणता हसू दाबत.

मग एका सकाळी सामफेल चालायचंच थांबला. जिथे वाट भिंत आणि प्रार्थनाचक्रं यांच्यामध्ये अरुंद होते, तिथे तो चक्राला पाठ लावून उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते. जरा वेळाने पाय ओढल्याचा आवाज आला. चाकदोरने त्याला बघितलं आणि तो थबकला. मागे वळावं, तर उलटी प्रदक्षिणा. ते पाप एका लामाच्या रागापायी कोण घेणार? त्याला पुढेच यावं लागलं.

सामफेलने रात्रभर भाषण जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"तुझ्या बंदुकीनं काय आणलं म्हणालो ना मी," तो म्हणाला, "मला आणलं. आम्ही खिंड उतरत होतो, आई माझ्या पाठीवर होती. मागे गोळ्या वाजत होत्या आणि आई म्हणत होती, वाजताहेत तोवर चाल, थांबल्या की पळ. त्या तुमच्या होत्या. कदाचित तुझ्या भावाच्याच असतील. हे मला माहीत होतं, तरी मी तसं बोललो."

मागे माणसं खोळंबली होती, पण कुणी पुढे सरकेना. मग चाकदोरने हात लांब करून चक्र फिरवलं आणि तो चालू लागला. जाता जाता म्हणाला, "भोक तरी शिवून पाठवायचं होतंस."

त्या दुपारी पडवीवरची कबुतरं उडाली. वाटाघाटी नाहीत, माफीबिफी नाही. चाकदोरने येऊन गादीवर ठाण मांडलं, आठाची अशी हाळी घातली की युडोनने धावत जाऊन खिडकी लावली, आणि सामफेलच्या दोन सोंगट्या मारल्या. मधल्या वाटेने जाणाऱ्यांचं असंच होतं, असं वर ऐकवलं. सामफेलचे डोळे पार हरवून गेले होते.

मत द्यायचा दिवस आला. हॉलमध्ये टेबलावर पेटी होती आणि तिच्यामागे धरमशालेचा चष्मेवाला अधिकारी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मत तो लिहून देणार होता. चाकदोरला आपलं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. अधिकाऱ्याने त्याचा कागद ओढून घेतला, तर चाकदोरने त्यावर पंजा ठेवला.

"तू नको. हा लामा लिहील."

अधिकाऱ्याला या दोघांचं भांडण एव्हाना कळलं होतं. तो चाचरत म्हणाला, पो-ला, आजोबा, पण यांचं मत तर तुमच्या उलट आहे.

"म्हणूनच," चाकदोर म्हणाला. "तुझ्या पोटात काय आहे, मला माहीत नाही. याच्या पोटात काय आहे ते सगळ्या कॅम्पाला माहीत आहे. यानं एक अक्षर इकडचं तिकडे केलं, तर उद्या दुपारी खेळेल कुणाशी?"

सामफेल बसला, पेन झटकलं. चाकदोर सांगू लागला: पुरा देश, सगळ्या खिंडी, सगळ्या नद्या, लिथांगची कुरणं. सामफेल म्हणाला, जागा दोन ओळींची आहे, आवर. देश मागतोय, कागद तरी पुरता द्यायचा होता, असं चाकदोर अधिकाऱ्याला सुनावता झाला. मग हळू म्हणाला, "खाली धाकट्याचं नाव लिही. त्यालाही मत होतं."

एका कागदावर एकाच माणसाचं मत, अधिकारी सांगायला गेला. सामफेलने तोवर नाव लिहूनही टाकलं होतं. अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, आणि कागदाची घडी करून पेटीत जाऊ दिली.

रांगेत मागे पुऱ्या देशवाली एक म्हातारी होती, नळावर सगळ्यांत कडक पहारा तिचाच असे. तिने हे बघितलं आणि आपला कागद सामफेलपुढे सरकवला. तिच्यामागच्यानेही तेच केलं. पलीकडे एक मधल्या वाटेवाली आपल्या नळावरच्या वैरिणीला हाका मारत होती, ये गं, माझं तू लिही. सामफेलने सकाळपासून चीनच्या पोटात राहण्याचं एक मत लिहिलं होतं, ते त्याचं स्वतःचं. बाकी सगळ्यांचं तो पुरं स्वातंत्र्यच लिहीत होता, ओळीमागून ओळ, कुणाच्या कुरणासकट, कुणाच्या मेंढरांसकट.

चाकदोर दारात उन्हाकडे बघत उभा होता. शेवटी त्याने आत डोकं घातलं.

"लामा, स्वातंत्र्य जरा भराभर लिही. दुपार चालली."