फुगलेल्या कांडीचं सूत

बुद्धप्रियाताई आमच्या सोलापूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहेत. ज्या टेबलावर बावीस वर्षं भिंगं पुसली, त्याच टेबलाशी त्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला उभ्या राहणार होत्या. पुढच्या वर्षी पन्नाशी. काही प्राध्यापकांना याचं हसू येई आणि मला त्या प्राध्यापकांचा राग येई. मी पडलो लिपिक, रागावण्यापलीकडे अधिकार नाही.

त्यांचा प्रकल्प होता एका म्हाताऱ्या तारकागुच्छातल्या निळ्या ताऱ्यावर. गुच्छातले सगळे तारे एकाच वेळी जन्मलेले. त्यातले निळे केव्हाच जळून संपले, हा एकटाच अजून तरुण दिसतो. कारण शेजारच्या जोडीदाराचा वायू त्याला मिळालाय.

‘लहान तारा मोठ्याला ओरबाडतो,’ असं ताईंनी प्रकल्पात लिहिलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी थोरल्या बहिणीपुढे त्यांनी उजळणी केली. या मनकर्णाबाईंनी सातवीतून शाळा सोडली आणि पस्तीस वर्षं यंत्रमागावर कांड्या भरल्या. धोट्यात बसणाऱ्या त्या दांडीवर सूत गुंडाळून धाकटीला शिकवली.

“ओरबाडत न्हाय गं,” त्या म्हणाल्या. “कांडी लई भरली की सूत आपसूक घसरतंय. तुजा मोठा ताराबी आदी फुगत असंल की.”

ताईंनी पुस्तकं उघडली. अगदी तसंच होतं! जड तारा आधी म्हातारा होतो, फुगतो, बाहेरच्या थरातला वायू त्याला धरवत नाही आणि तो वायू शेजाऱ्यावर जाऊन पडतो. पण चूक छापून, बांधून झाली होती. गप्प राहावं, की स्वतःच दाखवून पदवी पणाला लावावी?

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसाठी चहा आणून मी प्रयोगशाळेच्या दारातच रेंगाळलो.

“सर, पान एकोणीस चुकलंय. आधी ते सांगते,” म्हणत ताईंनी पर्समधून गच्च भरलेली कांडी काढली आणि तिरकी केली. सूत सरसर टेबलावर उतरलं. बाहेरगावचे परीक्षक खुर्चीत पुढे सरकले.

“आणि देणारा तारा? तो संपला?”

“नाही सर. आकसतो, पण भयंकर तापलेला असतो. निळ्याच्या झगमगाटात साध्या प्रकाशात तो दिसत नाही. अतिनील प्रकाशात बघावं लागतं, मग सापडतो.” एवढं सांगताना मात्र त्यांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर बाकावर मनकर्णाबाई बसल्या होत्या.

परीक्षकांनी पान एकोणीसवर स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली आणि ताईंना उत्तीर्ण केलं. ताई कांडी आणि सूत घेऊन बाहेर आल्या आणि बहिणीच्या गळ्यात पडल्या. मला भरून आलं, लपवत नाही.

मनकर्णाबाईंनी सुटलेलं सूत नीट गुंडाळून घेतलं आणि मला विचारलं, “साहेब, भाएरनं दहावीला बसायचा फारम कुटं मिळतो?”

“कोण बसतंय?”

“मी की.”