नवं मशीन आणि शिमग्याची रजा

खंडू गोताडची दहाही बोटं दोन ठिकाणी चाकरीला होती. वर्षभर ती रत्नागिरीत कोर्टामागे आगाशेवकिलांच्या कचेरीत मराठी टाइप करीत आणि शिमगा आला की गावदेवाच्या पालखीपुढे नाचणाऱ्या खेळ्यांत मृदंग वाजवीत. कळफलकाकडे तो कधी बघत नसे. खिडकीबाहेर बघत, पान चघळत आख्खा दावा उतरवायचा. कुणी कौतुक केलंच तर म्हणे, "मी कुठं करतो? बोटं करतात." यात विनय कमी आणि ऐट जास्त.

त्या वर्षी जुन्या मशीननं राम म्हटला आणि वकिलांनी नवं कोरं आणलं. रंग झकास, घंटी गोड, फक्त अक्षरांनी घरं बदललेली. 'क'च्या जागी भलताच कुणी बिऱ्हाड करून बसलेला. खंडूनं ऐटीत पहिली ओळ ठोकली, वाचली आणि कागद चुरगळून खिशात घातला.

"शिकशील हळूहळू," वकील म्हणाले. "पण अपिलाचे कागद पुरे झाल्याशिवाय शिमग्याची रजा मागायची नाही."

एकेक अक्षर हुडकत बसलं तर शिमगाच काय, गणपतीही कचेरीतच बसवावा लागला असता. रविवारी घरी गेला तर त्याची बायको धोंडूबाई दारातच उभी. "पालखी अंगणात यील नि तुमी थितं टकटक करीत बसाल. मृदंग कोन, मी वाजवू?"

सोमवारी खंडूनं तेलपाण्याच्या नावाखाली मशीन उचललं आणि दुरुस्तीवाल्या महिपतच्या टपरीत नेऊन ठेवलं.

"सगळी अक्षरं काढ आणि जुन्या जागी डाख लावून बसव."

"खंडूशेट, नवं मशीन हाय! लोक जुन्याचं नवं करून मागतात."

"मला शिमग्याला जायचंय."

महिपतनं लगेच हत्यारांची पेटी ओढली. तोही कोकणातलाच. त्यानं डाख वितळवून अक्षरांचे ठसे हलवले, कळांच्या टोप्याही अदलाबदल केल्या. अपील वाऱ्यासारखं पुरं झालं. वकील खूश, खंडू गावी.

पालखी अंगणात आली, खेळे उभे राहिले, खंडूनं मृदंगाला कणीक लावली, आणि तेवढ्यात वकिलांची मोटार आली. मागच्या सीटवर टायपिंग क्लासातली गुणवंती, मांडीवर तान्हं मूल धरावं तसं मशीन धरून. खंडूच्या जागी चार दिवस तिला बोलावलं होतं.

"खंडू, ही मुलगी क्लासात पहिली आलेली," वकील उतरता उतरता म्हणाले. "न बघता झरझर अर्ज टाइप केला तिनं. पक्षकार वाचायला गेला आणि मला विचारतो, वकीलसाहेब, ही करणी कुणी केली?"

"खंडूकाका," गुणवंती म्हणाली, "मी शिकलेलंच विसरले असं वाटून रडले हो!"

खंडूची मान खाली. मशीन ओसरीवर ठेवलं, अर्ज उद्या कोर्टात हवा होता. कणकेचे हात धोतराला पुसून तो बसला. पालखी खोळंबली.

"आटप रं, देव उभा हाय!" अंगणातून ओरडा झाला.

बोटं धावली. अर्ज हातात पडताच वकिलांनी चष्मा वर केला. आता शिव्या बसणार म्हणून खंडूनं डोळे मिटले.

"सुरेख! मशीन असंच राहू दे," वकील गालात हसत म्हणाले. "फक्त आता ते तुझ्यावाचून कुणाचं ऐकत नाही. तेव्हा पुढच्या शिमग्याला तू कचेरीत. मी किती वेळा एवढा घाट चढू?"

खंडूनं त्या दिवशी मृदंग वाजवला खरा, पण धोंडूबाईच्या मते देवालाही तो रडका वाटला असेल.

गावाहून परतल्यावर तो कचेरीतलं मशीन उचलून थेट महिपतकडे गेला. "होतं तसं कर."

महिपतनं कपाळावर हात मारला. "तुमचा शिमगा झाला, आता माझा चाललाय!"

मग रोज संध्याकाळी खंडू गुणवंतीकडून नवा कळफलक शिकू लागला. बोटं जुन्या घरी पळत, ती पट्टीनं टेबल वाजवी. तो करवादायचा, 'क'ला हलवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. पावसाळा सरता सरता हात बसला.

"वा, पहिल्यासारखी चालतात की बोटं," वकील एकदा म्हणाले.

"माझं सोडा, साहेब," खंडू घाईनं म्हणाला. "गुणवंतीची बघा. माझ्यापेक्षा कितीतरी जोरात चालतात, नि मशीनही आता तिचं ऐकतं. शिमग्यात आपल्याला कसलीच अडचण नाही."