न विकण्याचा कागद

जमिनीच्या कागदांची वकिली केली की किस्से आपोआप साठतात. हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, माझ्या ऑफिसात जमीन विकणारे रोज येतात. ती कधीच विकली जाऊ नये म्हणून आलेली बाई मात्र एकच, सुमनताई, निवृत्त शिक्षिका. पण त्या एकटीने सगळ्यांना मागे टाकलं!

*

उरला या औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे त्यांची तीन एकर जमीन, स्वतःच्या पगारातून घेतलेली. मधोमध तळं, काठाला अर्जुनाची झाडं, आणि चहूबाजूंनी सरकत आलेले कारखाने. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही विकायची नाही, असा कागद करून दे मले."

न विकायला कागद कशाला लागतो, मी विचारलं.

"मी मेल्यावर लागते."

*

मृत्युपत्र करून जमीन मुलाला द्यावी, तर 'विकू नकोस' ही अट कोर्टात टिकत नाही. आणि मुलगा मनोज फ्लॅटसाठी ती विकायला टपलेलाच होता. शेवटी ट्रस्ट करायचं ठरलं. जमीन ट्रस्टची, आणि ट्रस्टचं काम एकच, तळं आणि झाडं राखणं.

*

ट्रस्टी निवडायला बाई एकेकाला तळ्यावर नेत. एक नावाजलेले डॉक्टर म्हणाले, "रोडला फ्रंटेज मस्त आहे." त्यांचं नाव तिथेच कटलं. शेजारी शेळ्या राखणारी दुकल्हिन नावाची बाई आली आणि म्हणाली, बांध खचलाय, पावसाच्या आत माती टाका. तिचं नाव पहिलं लागलं.

दुसरं मनोजचं! मी काहून म्हणून विचारलं.

"बाहेर ठेवला तर केस करंल. आत राहू दे त्याले."

*

इकडे गावात तळ्याचं लग्न लावतात, मधोमध लाकडी खांब रोवून. बाईंनी गाव जमवून तेही उरकलं. दुसऱ्याच दिवशी एक दलाल जमीन बघायला आला. त्याच्या हातावर लग्नातला लाडू ठेवून म्हणाल्या, "लग्न झालेल्या पोट्टीले पाहायले येते काय कोणी?"

*

रजिस्ट्रीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्यांना बजावलं, हे नंतर मागे घेता येणार नाही.

"येत असंल तर मी सही नाही करत," बाई म्हणाल्या.

मनोज भिंतीशी उभा राहून कागद वाचत होता. सातव्या पानावर थांबला, माझ्याकडे आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'गरज पडल्यास ट्रस्टींना मालमत्ता विकता येईल.' जुन्या नमुन्यातलं कलम माझ्या हातून तसंच राहिलं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, ये काट दो," तो म्हणाला. "नहीं तो एक दिन मैं ही बेच दूँगा."