बिनपंखांची पाहुणी

नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे डच आजोबा डायरीत तारीख लिहिल्याशिवाय कुणाला कॉफीलासुद्धा बोलवत नाहीत. पंधरा दिवस आधी वेळ ठरते, एक बिस्कीट मिळतं आणि लगेच डबा बंद होतो.

त्यांच्या बाल्कनीत आल्प्समधल्या एका पतंगाचा कोष होता. दोन हिवाळे तो हललाच नाही. "मेला असेल, टाकून द्या," मी एकदा म्हणालो. "डोंगरात घाई चालत नाही," एवढंच बोलून त्यांनी कोषावर पाणी शिंपडलं.

मार्चमधल्या एका सकाळी माझी मीटिंग चालू असताना बेल वाजली. दारात आजोबा होते, पायात सपाता, हातात डायरी नाही.

"ती बाहेर आली," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटून खाली गेलो. टेबलावर बिस्किटांचा डबा उघडाच होता. शेजारी काटकीवर करड्या लवेची, बोटाच्या पेराएवढी मादी बसली होती. पंख जवळजवळ नव्हतेच.

"यांच्या माद्या उडत नाहीत," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "एका जागी बसून नराची वाट बघतात."

"पण इथे नर कुठून येणार?"

"नाहीच येणार. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी बोलवावं."